बॉल दर वेळी तसाच वळावा म्हणून: टेनपिन बोलिंगमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

“दादा, मी अगदी तसाच टाकला होता हो!”

डेट्रॉइटजवळच्या ज्या सेंटरमध्ये मी मंगळवारची लीग खेळतो, तिथे गेल्या हिवाळ्यात साताऱ्याचा एक मुलगा यायला लागला. नोकरीसाठी मिशिगनला नवीन आलेला, बर्फाला कंटाळलेला, बोलिंगच्या प्रेमात पडलेला. महिन्याभरापूर्वीच त्याने स्वतःचा पहिला बॉल घेतला होता, निळा-जांभळा, आरशासारखा चकचकीत. पहिल्या फ्रेमला, म्हणजे पहिल्या पाळीला, तो बॉल झकास वळून पॉकेटमध्ये, म्हणजे पुढच्या दोन पिनांच्या मधल्या जागेत, घुसला आणि दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या. दुसऱ्या फ्रेमला बॉल वळलाच नाही, उजवीकडच्या तीन पिना घेऊन गेला. तिसऱ्या फ्रेमला एवढा वळला, की हेडपिनच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनेच्या, समोरून जाऊन डावीकडे पडला. तेव्हा मागे वळून तो मला वरचं वाक्य म्हणाला.

त्याचं म्हणणं जवळजवळ खरं होतं. मी मागे उभा राहून पाहत होतो. तिन्ही बॉलमध्ये फरक होता तो इकडे-तिकडे दोन इंचांचा. एवढा फरक माझ्या हातूनही पडतो आणि वीस-वीस वर्षं खेळणाऱ्यांच्या हातूनही पडतो. पण त्याचा बॉल त्या दोन इंचांची किंमत दीड फुटाने वसूल करत होता.

नवीन खेळाडूला जो तो बॉल जास्त कसा वळवायचा तेच शिकवायला जातो. माझं ठाम मत आहे की सुरुवातीची दोन वर्षं हा प्रश्नच बाजूला ठेवावा. बॉल थोडाच वळू दे, पण दर वेळी तेवढाच आणि तिथेच वळू दे. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर यांनी पीबीए टूरवर, म्हणजे व्यावसायिक बोलरांच्या अमेरिकी स्पर्धा-मालिकेत, ४७ स्पर्धा जिंकल्या, आणि त्यांचं नाव झालं ते अचूकतेमुळे. त्यांचा बॉल बऱ्याच प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरळ जायचा. साधा हिशेब करून बघा: प्रत्येक फ्रेमला पहिल्या बॉलवर नऊ पिना आणि दुसऱ्यावर स्पेअर, म्हणजे उरलेली पिन पाडणं, शेवटच्या जादा बॉललाही नऊ, एवढं जमलं तर एकही स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) न मारता १९० होतात.

पुढचं सगळं उजव्या हाताने टाकणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

आधी लेन समजून घ्या

बॉल ज्या पट्टीवरून जातो ती लेन. फाउल लाइनपासून, म्हणजे टाकताना ओलांडायची नाही त्या रेषेपासून, हेडपिनपर्यंत ६० फूट. रुंदी साधारण साडेएकेचाळीस इंच, आणि त्यात ३९ उभ्या पट्ट्या. या पट्ट्यांना बोर्ड म्हणतात. एक बोर्ड म्हणजे इंचाहून किंचित जास्त. उजवीकडून मोजायला सुरुवात करायची. फाउल लाइनच्या पुढे १२ ते १६ फुटांच्या दरम्यान जे बाण दिसतात ते दर पाच बोर्डांवर असतात: ५, १०, १५, २०. मधला बाण विसाव्या बोर्डवर. नजर पिनांवर नाही, या बाणांवर ठेवायची. हेडपिन आणि तिच्या उजवीकडची तीन नंबरची पिन यांच्या मधली जागा म्हणजे पॉकेट, साधारण साडेसतराव्या बोर्डवर.

आता डोळ्यांना न दिसणारी गोष्ट. लेनवर तेल असतं. मशीन ते फाउल लाइनपासून साधारण ४० फुटांपर्यंत लावतं, पुढचे २० फूट कोरडे सोडतं. लीगच्या नेहमीच्या लेनवर हे तेल सगळं मिळून २५ मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पाच छोटे चमचे. एवढ्या लांब-रुंद लेनवर पाच चमचे तेल, आणि सगळा खेळ त्याच्यावर. ते सगळीकडे सारखं नसतं. मधल्या बोर्डांवर भरपूर, दोन्ही कडांना अगदी कमी. कॅरम खेळलेल्यांना हे चटकन कळेल. कॅरम बोर्डाच्या मध्यावरच पावडर टाकली आहे आणि कडा तशाच सोडल्या आहेत अशी कल्पना करा. एकाच जोराने मारलेला स्ट्रायकर मध्यातून सुळकन जाईल आणि कडेला अडखळेल.

बॉल तीन टप्प्यांत जातो. आधी तेलावर घसरतो, मग वळतो, शेवटी कमरेत वाकून धावणाऱ्या पैलवानासारखा सरळ गडगडत पिनांवर जातो. घसरणं, वळणं, गडगडणं, हे तिन्ही टप्पे एकमेकांत अलगद मिसळले की बॉलची चाल गुळगुळीत वाटते. साताऱ्याच्या मुलाचा चकचकीत बॉल तेलावर असेपर्यंत काहीच करत नव्हता आणि कोरडी जागा लागली की एकदम झटका मारत होता. दोन बोर्ड आत पडला तर तेलातच राहून सरळ जायचा, दोन बोर्ड बाहेर पडला तर लवकर कोरडं लागून बेफाम वळायचा. त्याच्या हाताचा यात फार थोडा दोष होता.

पहिली पायरी: अंगठा

बॉलच्या चालीबद्दल बोलताना मी अंगठ्यापासून का सुरू करतो, असं वाटेल. कारण अंगठ्याचं भोक सैल असेल तर बॉल पडू नये म्हणून आपण तो आवळून धरतो. आवळला की सोडायची वेळ दर वेळी वेगळी. मग पुढे कितीही चांगला बॉल असो, त्याला दर वेळी वेगळीच सुरुवात मिळते.

स्वतःच्या बॉलची भोकं प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगच्या सामानाच्या दुकानात, आपल्या हाताच्या मापाने पाडून घ्या. हात खाली सैल सोडला तरी, मनगट न वळवता आणि अंगठा न आवळता बॉल हाताला धरून राहिला पाहिजे, आणि सोडताना अंगठा अलगद निघाला पाहिजे. माझ्या पहिल्या बॉलची भोकं एका दुकानात घाईत पाडून दिली होती, अंगठ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर पाव इंच जास्त. त्या हंगामात मी माझ्या टाकण्यात शंभर दोष शोधले. नंतर एका अनुभवी माणसाने भोक बुजवून नव्याने पाडून दिलं आणि दोन आठवड्यांत निम्मे दोष नाहीसे झाले.

एकाच संध्याकाळी अंगठा सुजतो आणि आकसतोही. त्यासाठी बोलिंगची टेप मिळते, छोट्या चिकट पट्ट्या असतात. भोक सैल वाटलं की एक पट्टी लावायची, घट्ट वाटलं की काढायची. पिशवीत त्या नेहमी असू द्या. तिसऱ्या गेमला बॉल हातातून लवकर सुटायला लागला तर चूक तुमची आहे असं समजण्याआधी एक पट्टी लावून बघा.

वजन जेवढं तुम्ही सहज झुलवू शकता तेवढंच. बऱ्याच प्रौढांना १४ किंवा १५ पौंड जमतात, नियमाने कमाल १६. एक लक्षात ठेवा: १२ पौंड आणि त्याखालच्या बॉलमध्ये बऱ्याच मॉडेलांचा आतला गाभा वेगळा असतो, त्यामुळे मित्राच्या १५ पौंडी बॉलची चाल पाहून तोच बॉल १२ पौंडात घेतलात तर चाल तशीच मिळेलच असं नाही.

दुसरी पायरी: बॉल निवडताना

बॉलच्या बाहेरच्या कवचाचे ढोबळ तीन प्रकार. प्लॅस्टिकचा बॉल जवळजवळ वळत नाही, तो स्पेअरसाठी. युरेथेन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, त्याची चाल सगळ्यात संथ आणि समजूतदार. रिॲक्टिव्ह रेझिन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि त्याने खेळच बदलला. या कवचाला अतिसूक्ष्म छिद्रं असतात, ती लेनवरचं तेल पितात आणि कोरड्या भागावर घट्ट पकड घेतात.

गुळगुळीत चाल हवी म्हणून काही जण नव्या माणसाला थेट युरेथेन घ्यायला सांगतात. मला ते पटत नाही. ज्याच्या हाताला अजून फिरकी कमी आहे त्याचा युरेथेन बॉल पिनांपर्यंत दमून पोहोचतो, कोपऱ्यातल्या पिना उभ्या राहतात आणि माणूस हिरमुसतो. मधल्या ताकदीचा, सॉलिड कवचाचा रिॲक्टिव्ह बॉल घ्या. सॉलिड आणि पर्ल असे शब्द बॉलच्या वर्णनात दिसतील. पर्लमध्ये मोत्यासारखी चमक असते, तो तेलावर जास्त घसरतो आणि शेवटी जोरात वळतो. सॉलिड लवकर पकड घेतो आणि गोलाईने वळतो. पहिल्या बॉलला सॉलिडच.

गाभा सिमेट्रिक असू द्या. बॉलच्या आत जो जड भाग असतो तो भोवऱ्यासारखा काम करतो. सगळ्या बाजूंनी सारखा असलेला भोवरा शांतपणे आपली दिशा बदलतो, एका बाजूला जड असलेला झटकन कलतो. असिमेट्रिक गाभ्याचे बॉल ताकदवान असतात, पण हातातली लहानशी चूकही ते मोठी करून दाखवतात.

बॉलवर एक छोटा रंगीत ठिपका दिसेल. त्यालाही पिन म्हणतात, पण पडणाऱ्या पिनांशी त्याचा संबंध नाही. गाभ्याचं वरचं टोक कुठे आहे ते हा ठिपका सांगतो. भोकं पाडताना तो बोटांच्या वर ठेवला तर बॉल सहसा उशिरा आणि तीव्र वळतो, बोटांच्या खाली ठेवला तर लवकर आणि गोलाईने. दुकानदाराला “मला शेवटी झटका नको, गोल चाल हवी” एवढं सांगितलंत तरी चांगला माणूस समजून घेतो.

जुना बॉल विकत घेत असाल तर भोकं मोजा. पकडीसाठी वापरत नाही असं जादा भोक, ज्याला बॅलन्स होल म्हणतात, यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंग नियामक संस्थेच्या नियमाने १ ऑगस्ट २०२० पासून चालत नाही. तसा बॉल स्वस्तात मिळाला तर भोक बुजवण्याचा खर्च धरूनच व्यवहार करा.

तिसरी पायरी: बॉलची त्वचा

नव्या माणसाला ही गोष्ट कोणीच सांगत नाही, आणि चालीत सगळ्यात जास्त फरक हिच्यानेच पडतो. बॉलच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात. ते जेवढे खरखरीत, तेवढा बॉल तेलातूनही लेनला धरतो. चारचाकीचं झिजलेलं टायर आणि नवं टायर पावसात वेगळं चालतं, तसं. चकचकीत बॉल म्हणजे झिजलेलं टायर: ओल्यावर पकड नाही, कोरड्यावर अचानक पकड. त्वचा थोडी खरखरीत केली की बॉल तेलातच हळूहळू पकड घ्यायला लागतो आणि ओल्या-कोरड्यातला फरक त्याला कमी जाणवतो. आपल्याला हवं आहे ते हेच.

यासाठी काचकागदासारखे, पण स्पंज लावलेले गोल पॅड मिळतात. फिनलंडच्या मिर्का कंपनीचे अब्रालॉन पॅड सगळ्यांना माहीत असतात. त्यांवर आकडे असतात: ५००, १०००, २०००, ३०००, ४०००. आकडा लहान तेवढा पॅड खरखरीत. सुरुवात २००० ने करा. लीगच्या नेहमीच्या लेनवर मधल्या ताकदीच्या बॉलला तो बहुतेक वेळा मानवतो.

दुकानात स्पिनर मशीनवर हे पाच मिनिटांत होतं, पण मला ते घरी हाताने करायला आवडतं, आणि तुम्हीही एकदा तरी हाताने कराच. आपल्या बॉलची त्वचा बोटांना ओळखीची होते.

गॅरेजमध्ये किंवा बाथरूममध्ये बसा. एक बादली पाणी, जुना टॉवेल, पॅड, बॉल क्लीनर. आधी बॉल क्लीनरने स्वच्छ पुसा, नाहीतर जुनं तेलच घासत बसाल. भोकांवर टेप चिकटवा. टॉवेल पिळून त्याची चुंबळ करा, घागरीखाली ठेवायचो तशी, आणि बॉल त्यावर ठेवा म्हणजे हलणार नाही. पॅड भिजवा. बॉलला फाशासारख्या सहा बाजू आहेत असं समजा आणि एका वेळी एक बाजू घ्या. तळहात सपाट, दाब सारखा, आधी गोल गोल, मग आडव्या दिशेने. प्रत्येक बाजूला दोन मिनिटं, घड्याळ लावून. बॉल मुळात पॉलिश केलेला असेल तर आधी १००० च्या पॅडने पॉलिश काढा आणि मग २००० कडे या.

थोड्याच वेळात पॅडमधून बॉलच्या रंगाचं पाणी गळायला लागतं. माझ्या निळ्या बॉलचं पाणी शाईच्या दौतीत पेन धुतल्यासारखं दिसतं. आवाजही बदलतो. सुरुवातीला पॅड सुळसुळतो, मग एक बारीक, एकसारखी ‘खस्स’ ऐकू येते, आणि सगळीकडून तीच ऐकू यायला लागली की ती बाजू झाली. बॉल पुसून दिव्याखाली तिरका धरा. कुठे चमकदार पट्टा राहिला असेल तर तिथे हात कमी पडला आहे. बॉल सगळीकडून सारखा मंद दिसला पाहिजे. फक्त बॉलचा जो भाग लेनला लागतो तेवढाच घासणं नियमातही बसत नाही आणि कामाचंही नाही.

जास्त खरखरीत म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. ५०० ने घासलेला बॉल नेहमीच्या लेनवर लवकर वळतो, वाटेतच सगळी शक्ती खर्च करतो आणि पिनांपाशी मरगळलेला पोहोचतो. ओळखायची खूण सांगतो. बॉल पॉकेटमध्ये जातोय, पण दहा नंबरची, म्हणजे मागच्या रांगेत उजव्या कोपऱ्यातली, पिन उभी राहतेय, आणि तिच्या पुढची सहा नंबरची पिन तिच्याकडे न जाता बाजूच्या गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या खाचेत, आडवी पडून राहतेय. असं तीन-चार वेळा झालं की समजा त्वचा फार खरखरीत आहे. ३००० किंवा ४००० चा हात द्या.

ही त्वचा टिकत नाही. लेनवर घासून घासून बॉल आपोआप गुळगुळीत होत जातो आणि चाल हळूहळू बदलते. माणसाला वाटतं आपलाच हात बिघडला. मी साधारण दर दहा गेमनंतर २००० चा हलका हात देतो आणि तारीख वहीत लिहितो. मात्र गुण मोजायला सुरुवात झाली की त्वचेला हात लावायचा नाही, तो नियमभंग आहे. हे काम घरी किंवा खेळ सुरू होण्याआधी करायचं.

चौथी पायरी: हातातून सुटताना

इथे मी तंत्राचा पूर्ण धडा देत नाही, फक्त चाल एकसारखी ठेवायला लागतं तेवढंच सांगतो.

वेग. बहुतेक सेंटरमध्ये स्क्रीनवर बॉलचा वेग दिसतो. दहा बॉल टाका आणि दहाही आकडे लिहून काढा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत ताशी एक मैलाहून जास्त फरक असेल तर बाकी काही सुधारायच्या आधी हा फरक कमी करा. वेगात मारला तर बॉल उशिरा वळतो, हळू टाकला तर लवकर. स्ट्राइक झाला की पुढचा बॉल उत्साहाने जोरात जातो, हे मी स्वतःमध्येही पाहिलं आहे आणि इतरांमध्येही. जोर खांद्याने लावू नका. बॉल झोपाळ्यासारखा मागे जाऊ द्या आणि स्वतःच्या वजनाने पुढे येऊ द्या. वेग कमी-जास्त हवा असेल तर हात सुरुवातीला थोडा वर-खाली धरा.

हात बॉलच्या मागे. सुटताना आधी अंगठा निघतो, मग दोन बोटं बॉलला वर उचलतात. शेवटी हात शेकहँड करताना असतो तसा आला की पुरे. मनगट बॉलच्या वरून गरकन फिरवलं तर बॉल आडवा फिरत जातो, लांब घसरतो आणि शेवटी झटका मारतो. आपण तिसऱ्या पायरीत मेहनतीने घालवलेला झटका इथे परत येतो.

सराव असा करा: फाउल लाइनजवळ उभे राहा, पावलं टाकू नका, फक्त हात झुलवून बॉल दहाव्या बोर्डवरच्या बाणावरून सोडा. पंधरा बॉल. पिना किती पडल्या ते पाहूच नका. सेंटरमध्ये गर्दी नसेल तेव्हा हे करायला लाज वाटू देऊ नका. आमच्या लीगमधले सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ अजून दर मंगळवारी खेळाआधी हेच करतात.

पाचवी पायरी: बॉल बोलतो ते ऐका

टाकल्यावर लगेच पाठ फिरवू नका. बॉल कोणत्या बोर्डवरून बाणांच्या पुढे गेला ते पाहा. मग तो सगळ्यात जास्त उजवीकडे कुठे गेला ते, त्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. एक जुना ढोबळ हिशेब आहे: तेलाची लांबी फुटांत घ्या, त्यातून ३१ वजा करा. तेल ४० फूट असेल तर ब्रेकपॉइंट नवव्या बोर्डच्या आसपास. आणि शेवटी बॉल पिनांमधून कुठून बाहेर पडतो तेही पाहा. चांगला बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या पिना पिनाच पाडतात.

तेल जागेवर राहत नाही. प्रत्येक बॉल थोडं उचलून नेतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या गेमला तोच बॉल जास्त वळून हेडपिनच्या डावीकडे जायला लागतो. तेव्हा हाताने काही करायला जाऊ नका. पाय दोन बोर्ड डावीकडे आणि नजर एक बोर्ड डावीकडे. बॉल कमी वळून उजवीकडे राहत असेल तर दोन्ही उलट. एका वेळी एकच बदल, आणि तो दोन बॉल तरी टाकून पाहा. एक बॉल वाईट गेला म्हणून जागा बदलणारा माणूस संध्याकाळभर लेनच्या मागे धावत राहतो.

देखभाल, थोडक्यात

प्रत्येक वेळी बॉल परत आला की कोरड्या मायक्रोफायबर टॉवेलने पुसा. बॉलवर तेलाच्या बारीक कड्या दिसतील, त्या पुसून टाकायच्या. यूएसबीसीच्या नियमाने १ ऑगस्ट २०१९ पासून स्पर्धा चालू असताना द्रव क्लीनर वापरता येत नाही, कोरडा टॉवेलच चालतो. खेळ संपल्यावर मात्र पिशवीत टाकण्याआधी लगेच क्लीनरने पुसा. घरी जाऊन करू म्हटलं की तेल आत मुरलेलं असतं.

पन्नास-साठ गेमनंतर बॉल निस्तेज वाटायला लागला तर भोकं टेपने बंद करून, हाताला सोसेल एवढ्याच गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून वीस मिनिटं ठेवा. पृष्ठभागावर तेलाचे थेंब येतात. पुसा आणि पुन्हा एकदा करा. यापेक्षा गरम काहीही नको.

बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका. माझा एक आवडता बॉल जानेवारीतल्या एका रात्री डिकीत राहिला. सकाळी अंगठ्याच्या भोकापासून खाली केसाएवढी चीर होती, आणि महिन्याभरात ती बॉलभर गेली.

पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये तिथलेच बॉल घेऊन खेळणाऱ्यांना यातलं निम्मंच लागू पडेल. तिथले बॉल बहुतेक प्लॅस्टिकचे आणि सगळ्यांच्या हाताला बसतील अशा मोठ्या भोकांचे. अंगठा सगळ्यात नीट बसतो तो एकच बॉल संध्याकाळभर वापरा, रुमालाने पुसत राहा, बाणांवर नजर ठेवून सरळ टाका. तेवढ्यानेही फरक दिसतो.

शेवटची चाचणी

बॉलची चाल खरोखर गुळगुळीत झाली का, ते पाहायची माझी एक पद्धत आहे. पॉकेटमध्ये जाणारी तुमची जागा आणि बाण पक्का करा. मग तीन बॉल टाका. पहिला बरोबर बाणावरून, दुसरा मुद्दाम दोन बोर्ड डावीकडून, तिसरा दोन बोर्ड उजवीकडून. वेग तोच.

साताऱ्याच्या मुलाने फेब्रुवारीतल्या एका रविवारी माझ्या गॅरेजमध्ये बसून त्याचा चकचकीत बॉल आधी १००० ने आणि मग २००० ने घासला होता. जांभळ्या पाण्याची अर्धी बादली निघाली. मंगळवारी लीगच्या आधी आम्ही ही चाचणी घेतली. पहिला बॉल पॉकेटमध्ये. दुसरा जरा जाड लागला, म्हणजे हेडपिनवर जास्त आला, चार नंबरची पिन राहिली. तिसरा जरा पातळ लागला, म्हणजे हेडपिनला कमी लागला, दहा नंबरची राहिली. तिन्ही वेळा हेडपिन पडली. तो काही न बोलता टॉवेलने बॉल पुसत राहिला, मग पिशवीतून प्लॅस्टिकचा बॉल काढला आणि लेनच्या डाव्या कडेला जाऊन दहा नंबरच्या पिनेकडे तोंड करून उभा राहिला.